मायरोसचा लाल दिवा

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसातला गुनेलने गाडीची किल्ली फिरवली आणि समोर ब्रेकचा लाल दिवा लागला. लागला तो लागलाच. एरवी तो क्षणभर डोळा मिचकावतो आणि इंजिन सुरू झालं की गुमान झोपतो. आज मात्र भरल्या ताटावर रुसलेल्या जावयासारखा ठाण मांडून बसला. गुनेलने इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पॅनलवर एक चापट मारली, दोन शेलक्या शिव्या हासडल्या. दिवा ढिम्म.

तिने दिव्याकडे पाहिलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. तो काळजीचा नव्हता. तिला चक्क बरं वाटलं होतं. ‘चला, आज काही लग्न होत नाही,’ असं तिच्या मनात आलं आणि मन इतकं हलकं झालं, की तिला स्वतःचीच लाज वाटली.

गुनेल एकाहत्तर वर्षांची. एकतीस वर्षं तिने ग्रानट्रेस्कच्या शाळेची बस चालवली, बर्फातून, चिखलातून आणि पोरांच्या किंकाळ्यांतून. आणि आज दुपारी दोन वाजता फोर्सनेसच्या चर्चमध्ये तिचं लग्न होतं. नवरदेव एव्हर्ट, वय चौऱ्याहत्तर. एकोणीस वर्षं दोघांचं जमलेलं होतं, पण तिचं घर ग्रानट्रेस्कला आणि त्याचं एकतीस किलोमीटरवर फोर्सनेसला. शुक्रवारी तो तिच्याकडे, रविवारी ती त्याच्याकडे, मधले दिवस ज्याचे त्याला. गुनेलला ही व्यवस्था फार आवडायची. एव्हर्टलाही आवडायची, पण दर उन्हाळ्यात त्याला एकदा लग्नाची हुक्की यायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, याचं बाशिंग एकोणीस वर्षं गुडघ्यालाच अडकून होतं. शेवटी या मार्चमध्ये, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसलेले असताना, त्याने पुन्हा विचारलं आणि गुनेलने इकडच्या पद्धतीने फक्त श्वास आत ओढला. इकडे उत्तरेत ‘हो’ म्हणायला कुणी शब्द खर्च करत नाही. पण एव्हर्ट मूळचा पार दक्षिणेचा, स्कोनेचा.

“हे हो म्हणालीस, की तुला सर्दी झालीय?” त्याने विचारलं होतं.

“हो म्हणाले. पण चर्चला मी माझ्या गाडीने येणार. एकटी. चालवत.”

तिच्या या अटीला कारण होतं. पहिल्या लग्नाला ती सासऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गेली होती. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. पुढे अकरा वर्षं ती त्या घरात मागच्याच सीटवर बसली. पुढे नवरा, शेजारी सासूबाई, आणि मागे गुनेल, बटाट्याच्या पोत्यासोबत. एक दिवस ती पोत्यासकट उतरली ती परत बसलीच नाही. तिच्या आईने शेवटची गाय विकून तिच्या हातात पैसे ठेवले. त्या पैशांतून गुनेलने ही एकाहत्तर सालची, फिकट पिवळी, लांबलचक गाडी विकत घेतली आणि गाईचंच नाव तिला दिलं. मायरोस. अडतीस वर्षं झाली या गोष्टीला. या अडतीस वर्षांत मायरोसच्या पुढच्या डाव्या, म्हणजे चालकाच्या सीटवर गुनेलशिवाय कुणी बसलं असेल तर तो गॅरेजवाला किंवा एव्हर्ट. कालच संध्याकाळी तो येऊन गाडी धुऊन, पुसून, आरशांना बर्चच्या कोवळ्या डहाळ्या बांधून गेला होता. गाडी नवरीपेक्षा जास्त नटली होती.

आणि आता ही नटलेली बया लाल डोळा करून बसली होती.

ग्रानट्रेस्कमध्ये एखाद्या जुन्या गाडीत दिवा लागला की हिल्डिंगला फोन करतात. हिल्डिंग ब्याऐंशी वर्षांचा. जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. आयुष्यभर दूधडेअरीचे ट्रक दुरुस्त केल्यामुळे त्याचा विश्वास फक्त दोन गोष्टींवर, तेल आणि नळ्या. दहा मिनिटांत तो जॅक घेऊन हजर झाला आणि त्याच्या मागोमाग मंडळाचे उरलेले दोघे आले. एक फोल्के, वीज खात्यातून निवृत्त झालेला. त्याला जगातली प्रत्येक अडचण ही सुटलेल्या तारेची अडचण वाटते. दुसरा सिक्स्टन. त्याच्या शेडमध्ये चाळीस भंगार गाड्यांचे अवयव कॉफीच्या डब्यांत घालून ठेवलेत, त्यामुळे त्याला कुठल्याही दुखण्यावर एकच औषध दिसतं, भाग बदला.

“कधीपासून होतंय?” हिल्डिंगने डॉक्टरच्या सुरात विचारलं.

“आत्तापासून.”

“पेडल खाली जातंय?”

“नाही रे. दगडासारखं घट्ट आहे.”

“तेच तर! घट्ट पेडल माणसाला फसवतं.” हिल्डिंगने बोनेट उघडलं. ब्रेक ऑइल काठोकाठ भरलेलं होतं. शहाण्या माणसाने इथेच थांबून दोन मिनिटं विचार केला असता. पण हिल्डिंग अध्यक्ष होता. “हे बघा. हिच्या ब्रेकला दोन वाटा आहेत. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. दोन्हींच्या मध्ये हा पितळी वाल्व, त्याच्या पोटात एक पिस्टन. ज्या वाटेचा दाब पडेल तिकडे पिस्टन सरकतो आणि दिवा लावतो. एकदा सरकला की आपणहून परत येत नाही, त्याला हात धरून मध्यावर आणावा लागतो.”

“दिव्याला तारा दोन येतात, हिल्डिंग,” फोल्के म्हणाला. “एक तुझ्या पिस्टनकडून, दुसरी हँडब्रेककडून.”

“हँडब्रेककडून!” हिल्डिंग खो खो हसला. सिक्स्टनही हसला. मग फोल्केला स्वतःलाच हसू आलं. “आपण काय स्कोनेचे आहोत?” तोच म्हणाला.

त्यांचं हसणं चुकीचं नव्हतं. इकडे हँडब्रेक कुणी ओढत नाही. जानेवारीत उणे पस्तीस असताना ओढलेला हँडब्रेक असा काही गोठतो, की चाकं वसंत ऋतूतच सुटतात. गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकामागे बर्चचा ओंडका लावायचा आणि घरात जाऊन शेकत बसायचं, हे इथलं बाळकडू. मायरोसला हँडब्रेक होता, चालकाच्या सीटच्या आणि दाराच्या मधल्या फटीत. तो तिथे आहे हे गुनेलला माहीत होतं, जसं आपल्या पोटात अपेंडिक्स आहे हे आपल्याला माहीत असतं.

मंडळाचा एक नियम आहे. आधी वयाने मोठा हात घालणार. तो हरल्याशिवाय किंवा कॉफीला गेल्याशिवाय धाकट्याने पाना उचलायचा नाही. त्यामुळे पाच मिनिटांत झाली असती ती तपासणी, म्हणजे वाल्ववरची तार काढून दिवा विझतो का ते पाहणं, ती फोल्केच्या पाळीपर्यंत थांबली. पहिली पाळी हिल्डिंगची. त्याने मायरोसला चारी पायांवर उचललं, स्टँड लावले, चाकं काढली, नळ्या सोडल्या, आणि पिस्टनला मध्यावर आणायचं म्हणून निम्मं ब्रेक ऑइल एका रिकाम्या जॅमच्या बरणीत काढलं. दिवा जळतच होता.

साडेनऊ वाजले. साडेनऊला कॉफी. लग्न असो, मर्तिक असो, साडेनऊला ग्रानट्रेस्कमध्ये कॉफी होते. गुनेल केसांना कर्लर लावलेल्या अवस्थेत थर्मास आणि चीजचे तुकडे घेऊन अंगणात आली. तिघांनी कपात आधी चीज टाकलं, वर कॉफी ओतली, आणि भिजलेलं चीज चमच्याने खात मायरोसच्या उघड्या पोटाकडे प्रेमाने बघत बसले. गुनेल त्यांच्याकडे बघत होती. ही तीन म्हातारी माणसं सकाळपासून आनंदाने वेडी झाली होती. त्यांना लग्नाचं काही नव्हतं, त्यांना एक न विझणारा दिवा मिळाला होता.

“आता माझी पाळी,” सिक्स्टन म्हणाला. त्याने डब्यातून एक स्विच काढला. “त्र्याऐंशी साली भंगारात गेलेल्या गाडीचा आहे. तेव्हापासून याच दिवसाची वाट बघतोय.”

“स्विच की तू?” फोल्केने विचारलं.

स्विच बसला. दिवा जळतच होता. सिक्स्टनने दुसऱ्या डब्यातला दुसरा स्विच बसवला. दिवा जळतच होता. मग फोल्केने बाह्या सरसावल्या, एकदाची ती तार काढली आणि पाहिलं. दिवा तरीही जळत होता. फोल्केच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की कुणाला वाटावं त्याचंच लग्न आहे.

“बघा! पिस्टन नाही, स्विच नाही! तार कुठेतरी सोलवटून पत्र्याला टेकतेय. शॉर्ट आहे, शॉर्ट!” असं म्हणून तो पॅनलखाली शिरला आणि तासाभरात मायरोसच्या डॅशबोर्डमधून रंगीबेरंगी आतडी लोंबू लागली.

तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते असं. सकाळी साडेसातला ज्या गाडीचे ब्रेक ठणठणीत होते आणि फक्त एक दिवा जळत होता, त्या गाडीचे ब्रेक साडेअकराला जॅमच्या बरणीत होते, आणि दिवा जळतच होता.

“एक उपाय आहे,” सिक्स्टन हळूच म्हणाला. “बल्ब काढून टाकू.”

गुनेल कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सिक्स्टन, तुझी तिन्ही पोरं मी शाळेत पोचवली. लाल दिव्याचा बल्ब काढून पोचवली असती तर चाललं असतं तुला?”

सिक्स्टनने कॉफीचा डबा उगाचच हलवला. त्यात काहीतरी खुळखुळलं.

“अगं, मग माझ्या गाडीतून चल की,” हिल्डिंग म्हणाला. “काय मोठंसं त्यात! मागच्या सीटवर ऐसपैस बस, मी नेतो तुला राणीसारखी.”

“मागच्या सीटवर मी अकरा वर्षं बसलेय, हिल्डिंग.”

हिल्डिंगने मान खाली घालून पाना पुसायला घेतला. गावाला सगळं माहीत होतं. मग सिक्स्टनने फोन काढला. त्याला गप्प बसवत नाही. “मी एव्हर्टला सांगून टाकतो. नाहीतर बिचारा चर्चच्या पायरीवर उभा राहून डासांना रक्तदान करत बसेल.” तो कोपऱ्यात जाऊन बोलला आणि परत आला. “म्हणाला, सावकाश होऊ दे. एकदम गप्पच झाला बघ.”

गुनेल घरात गेली. जायचं नव्हतं तरी तिने कपडे बदलले. निळा लांब झगा, आईची चांदीची पिन, केसांत निळी रानफुलं. आरशात एक बरी दिसणारी म्हातारी उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पळपुटेपणा स्पष्ट दिसत होता. गुनेलने तो पाहिला. एव्हर्टची तिला भीती नव्हती. एव्हर्ट म्हणजे लोणी. भीती होती ती त्या कागदाची, त्या पायरीची, ‘आमची ही’ या शब्दांची. एकदा सही केली की कुठून तरी एक मागची सीट उगवेल आणि कुणीतरी गोड आवाजात म्हणेल, बस इथे. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. एकोणीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला तर मुळीच नाही. त्यापेक्षा लाल दिवा बरा. दिव्यावर कुणी रागावत नाही.

“गुनेल!” बाहेरून हिल्डिंग ओरडला. “पाय हवाय! पाय!”

उघडलेले ब्रेक निदान परत जोडायला तरी हवेत, असं मंडळाचं ठरलं होतं. नळ्या जोडल्या होत्या, नवं ऑइल भरलं होतं, पण आत शिरलेली हवा काढायला एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली चाकापाशी नट सैल करायचा असतो. हिल्डिंग खाली आडवा, सिक्स्टन बरणी धरून, फोल्के तारा आवरत. मोकळा पाय एकच होता, तो नवरीचा. गुनेल निळा झगा गोळा करून सीटवर बसली.

“दाब!”

“दाबलं.”

“धर!”

“धरलं.”

खाली फुस्स झालं. “सोड! दाब! धर! अगं धर म्हटलं ना!”

“धरलंय रे! तुझा नट उलटा फिरवतोयस का?”

“मी ब्याऐंशी वर्षांत नट उलटा फिरवलेला नाही! सोड! दाब!”

हा प्रकार चारी चाकांना चालला. गुनेल दाबत होती, धरत होती, सोडत होती, तिच्या केसांतली फुलं प्रत्येक दाबाबरोबर उडत होती, आणि तिला हसू आवरेना. शेवटच्या चाकाला एक फूल केसांतून निसटलं आणि डाव्या अंगाला दाराच्या फटीत पडलं. पाय पेडलवर दाबून धरत तिने हात खाली घातला आणि फुलाऐवजी तिच्या हाताला लागला एक दांडा. वर आलेला दांडा. हे काय आडवं येतंय, म्हणून तिने टोकाचं बटण दाबलं आणि दांडा खाली ढकलला.

लाल दिवा विझला.

“गेला!” फोल्के किंचाळला. “मी तीच तार हलवली! हिरवी! म्हटलं नव्हतं मी?”

“तार कसली? हवा निघाली शेवटची!” हिल्डिंग गाडीखालून ओरडला. “पिस्टन आला मध्यावर!”

“स्विचला जरा वेळ लागतो गरम व्हायला,” सिक्स्टन म्हणाला. तो भावुक झाला होता.

गुनेलने दांडा वर ओढला. दिवा लागला.

“गेली तार!” फोल्के.

“सोडलंस का पेडल?” हिल्डिंग.

“थंड झाला,” सिक्स्टन.

तिने दांडा खाली केला. दिवा विझला आणि तिघेही पुन्हा आपापल्या कर्तृत्वाने उजळले. तिने वर केला, ते कोमेजले. खाली केला, ते फुलले. पाच-सहा वेळा तिने असं केलं. फोल्के हिरव्या तारेला मुलासारखं गोंजारत होता, सिक्स्टन स्विचवर फुंकर मारत होता. मग गुनेलला असं हसू फुटलं, की ती स्टिअरिंगवर आडवी झाली, हॉर्न वाजला, आणि हॉर्नच्या आवाजाने हिल्डिंगचं डोकं गाडीच्या तळाला आपटलं.

“हँडब्रेक!” तिला एवढंच म्हणता आलं. “हँडब्रेक ओढलेला होता रे!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिघे जण दाराशी येऊन त्या दांड्याकडे असे बघत राहिले, जसं कुणी त्यांच्या अंगणात उंट आणून बांधलाय.

“कोणी ओढला?” हिल्डिंगने दुखावलेल्या आवाजात विचारलं. उत्तर सगळ्यांना एकदमच सुचलं. काल संध्याकाळी गाडी धुऊन कोण गेलं होतं? एकोणीस वर्षं इकडे राहूनही घशात घास ठेवून बोलणारा, हेरिंग माशावर साखर घालणारा आणि उतार दिसला की हँडब्रेक ओढणारा आख्ख्या तालुक्यात एकच इसम होता.

“दक्षिणेकडची माणसं!” सिक्स्टन म्हणाला. या दोन शब्दांत त्याने स्कोनेचा सगळा इतिहास आटपला.

गुनेल डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती, आणि हसता हसता एकदम थांबली. दिवा विझला होता. पेडल दगडासारखं घट्ट होतं. हिल्डिंग चाकं बसवायला लागला होता, फोल्के आतडी आत कोंबत होता. घड्याळात एक वाजत होता. आता ती चर्चला गेली नाही, तर तिला जायचं नव्हतं एवढंच कारण उरणार होतं.

“निघ,” हिल्डिंग म्हणाला. “आम्ही हात धुऊन येतोच.”

ती निघाली. जूनचं ऊन, दोन्हीकडे पाईनचं जंगल, मधूनमधून चमकणारं तळं, आणि मायरोस लोण्यातून सुरी जावी तशी धावत होती. गुनेलला भीती वाटत होती आणि त्याच वेळी गावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम होत होतं. ती पॅनलवरच्या त्या काळ्या, विझलेल्या काचेकडे पुन्हा पुन्हा बघत होती. लाग की रे मेल्या, असंही एकदा तिने म्हणून पाहिलं.

बाराव्या किलोमीटरला रेनडिअर भेटले. चाळीसेक असतील, पिल्लांसकट, सगळा रस्ता अडवून. वाऱ्यामुळे रस्त्यावर डास कमी असतात, म्हणून उन्हाळ्यात हे महाशय डांबरावरच संसार थाटतात. गुनेलने पाय दाबला आणि मायरोस जागच्या जागी थांबली. हिल्डिंगने ब्रेक झकास बसवले होते. रेनडिअरसाठी थांबायचं असतं. हॉर्न वाजवायचा नसतो, ते असभ्य समजतात. थांबायचं, खिडकी खाली करायची, आणि त्यांची मर्जी होईपर्यंत बसून राहायचं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक मादी आडवी बसून रवंथ करू लागली. आणि गुनेलच्या लक्षात आलं, की आपल्याला पुन्हा बरं वाटू लागलंय. तस्संच, सकाळसारखं हलकं. ‘काय करणार, रेनडिअर होते.’ कुणी रागावणार नव्हतं. पाद्रीणबाई अडीचला बारशासाठी दुसऱ्या गावी जायच्या होत्या. इथे अजून अर्धा तास काढला की झालं, सुटलो.

“शी!” गुनेल मोठ्याने म्हणाली. “म्हातारे, किती जणांच्या मागे लपशील तू? आधी दिवा, आता हरणं!”

ती सरळ बसली आणि तिने हॉर्नवर दोन्ही हात ठेवून आपलं सगळं वजन टाकलं. असा हॉर्न त्या रस्त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. मादी ताडकन उठली, पिल्लं चारी दिशांना उधळली, एक नर भलताच अपमानित चेहरा करून बाजूला झाला. “सरका!” गुनेल खिडकीतून ओरडली. “माझं लग्न आहे!” आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडले तशी ती कानशिलांपर्यंत गरम झाली, आणि तिला इतका आनंद झाला, की पुढचे एकोणीस किलोमीटर तिने एकटीने बडबडत, हसत आणि डोळे पुसत काढले.

दोनला दहा मिनिटं कमी असताना ती फोर्सनेसला पोचली. चर्चच्या पायरीवर काळ्या सुटात एव्हर्ट एकटाच उभा होता. पाहुणे आत होते, डासांना कंटाळून. त्याने तिला पाहिलं आणि त्याचा एक हात वर गेला आणि तसाच वर राहिला, जणू खाली कसा आणायचा हे तो विसरला होता.

“दिवा विझला?” त्याने विचारलं.

“तू काल हँडब्रेक ओढलास, एव्हर्ट.”

“हो. म्हणजे, तुझं अंगण उतरतं ना तळ्याकडे. म्हटलं, आजच्या दिवशी कशाला…” मग त्याला उमगलं. “अरे देवा. त्यामुळे?”

“त्यामुळे. हिल्डिंग तुला मारणार आहे. पण ते नंतर. आधी माझं ऐक.” ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्याला बाही धरून खाली बसवलं. “आत जायच्या आधी तुला हे कळायला हवं. सकाळी दिवा लागला ना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. साडेसातपासून एकपर्यंत मला बरं वाटत होतं. मी घाबरलेय, एव्हर्ट. तुला नाही. याला.” तिने मागच्या मोठ्या दाराकडे अंगठा केला.

 एव्हर्टने कॉलरमध्ये बोट घालून ती सैल केली. त्याचे कान लाल झाले होते.

“साडेअकराला सिक्स्टनचा फोन आला,” तो शेवटी म्हणाला. “म्हणाला, गाडी बिघडलीय, तिचं काही खरं नाही. मी म्हटलं, सावकाश होऊ दे. फोन ठेवला. आणि मग काय केलं माहितीये? स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या दोन सँडविच खाल्ली. कालपासून घशाखाली घास उतरत नव्हता गं. एकोणीस वर्षं तुझ्या मागे लागलो, आणि तू यायची नाहीस म्हटल्यावर मला अशी भूक लागली!”

 गुनेलला हसू फुटलं की हुंदका तेच कळेना. त्याचंही तेच झालं. दोघं खांद्याला खांदा लावून पायरीवर बसून इतके हसले, की आतून पाद्रीणबाई लोविसा बाहेर आल्या, चौतिशीच्या, हातात पुस्तक आणि मनगटावर घड्याळ.

“सगळं ठीक आहे ना?” त्यांनी विचारलं. “नाही म्हणजे, मला अडीचला बारशाला निघायचंय.”

“ठीक कसलं!” गुनेल म्हणाली. “आम्ही दोघंही घाबरलोय.”

लोविसाबाईंनी पुस्तक मिटलं. “मग काय करू या?”

“दोन मिनिटं द्या,” गुनेल म्हणाली आणि एव्हर्टकडे वळली. “काही उरलंय का रे खायला? मी सकाळपासून फक्त कॉफी प्यायलेय.”

एव्हर्टने सुटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक सँडविच काढलं. जरा चपटलं होतं. “तीन केली होती. एक ठेवलं होतं. तू आलीस तर म्हणून.”

“आणि नसते आले तर?”

“तर दोन वाजता खाणार होतो.”

गुनेलने सँडविच घेतलं. लोविसाबाई घड्याळ बघत, डास मारत उभ्या राहिल्या. आत पियानोवाला तीच धून तिसऱ्यांदा वाजवत होता. गुनेलने शेवटच्या तुकड्याचे दोन भाग केले, एक एव्हर्टच्या हातावर ठेवला, झग्यावरचा चुरा झटकला आणि उठली. मग दोघं तोंडात घास घेऊनच बरोबरीने आत शिरले.